बलाढ्य शेजारी आणि कॅनडा

बलाढ्य शेजाऱ्याचा प्रभाव कसा पडतो, हें कॅनडाच्या उदाहरणावरून उमगतें. तेथील बहुसंख्य लोक अमेरिकेच्या सरहद्दीजवळ राहतात. आणि रेडिओलहरींना सरहद्द कशी अडविणार? लोक अमेरिकन कार्यक्रमच अधिक ऐकतात, असें १९२९ सालीं एअर्ड आयोगाला आढळलें. त्यांतूनच पुढें १९३६ सालीं राष्ट्रीय नभोवाणी-संस्था उभी राहिली. १९७१ पासून ए. एम. केंद्रांवरील ३० टक्के संगीत स्वदेशी असण्याचा निर्बंध आला.

व्यापाराची गोष्ट अवघड आहे. १९८९ च्या मुक्त व्यापार करारानें बंध घट्ट झाले. २०२४ सालीं निर्यातीचा सुमारें तीन-चतुर्थांश माल अमेरिकेनेंच घेतला. एकाच गिऱ्हाइकावर चालणारें दुकान त्याच्या मर्जीवर राहतें, हें २०२५ सालच्या अमेरिकन जकातींनीं दाखविलें. संगीताला नियमानें आसरा देतां येतो. व्यापाराला मात्र नवीं गिऱ्हाइकेंच शोधावीं लागतात.