विश्लेषण : सुरगाण्यातल्या ग्रंथपालाला नवे ऑनलाइन तंत्र का शिकावे लागते?

नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला लागून असलेला सुरगाणा हा आदिवासीबहुल तालुका. उंबरठाण, बाऱ्हे, बोरगाव परिसरातून तालुक्याच्या गावी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात आता मोबाइल असतो. तरीही भरतीचा अर्ज, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ किंवा अभ्यासाचे खात्रीचे साहित्य शोधताना त्याची दमछाक होते. अशा वेळी ग्रंथालयातला कर्मचारी काय करू शकतो आणि त्यासाठी त्याने काय शिकायला हवे, याविषयी...

ग्रंथपालाचे काम बदलले आहे का?

मूळ काम तेच आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. तेव्हा वेळ वाचायचा तो नीट लावलेल्या कपाटांमुळे आणि तालिकेमुळे. आज वाचकाला हवी असलेली बरीच माहिती कपाटाबाहेर, इंटरनेटवर आहे. ती शोधून देता आली नाही, तर सूत्र पाळले असे म्हणता येणार नाही. परतीची बस चुकली तर मुक्कामाचा प्रश्न, अशा गावांतून येणाऱ्या वाचकासाठी तर अर्धा तासही मोठा असतो.

कोणती साधने मोफत उपलब्ध आहेत?

बरीच आहेत. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले. शालेय अभ्यासापासून स्पर्धा परीक्षांपर्यंतचे साहित्य तिथे शोधता येते आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात.

ग्रंथालयाच्या अंतर्गत कामासाठी ‘कोहा’ ही संगणक प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. देवघेव, सभासदांची नोंद आणि तालिका ही तिन्ही कामे तिच्यात होतात. ती शिकवणारे धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मोफत पाहता येतात.

पण रेंजच नसेल तर?

डोंगराळ भागातली ही खरी अडचण. त्यावर दोन मार्ग आहेत. एक, ‘कोहा’ ग्रंथालयातल्याच एका संगणकावर बसवता येते, मग रोजच्या देवघेवीला इंटरनेट लागत नाही. दोन, रेंज मिळेल तेव्हा मुक्त साहित्य उतरवून पेनड्राइव्हवर साठवायचे आणि वाचकाला हवे तेव्हा द्यायचे. म्हणजे काय उतरवायचे, त्याला नाव काय द्यायचे आणि ते पुन्हा कसे सापडेल, हेही शिकण्यात आले.

सर्वांत आधी काय शिकावे?

युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा गोंधळ होतो आणि शोध लागत नाही. दुसरी गोष्ट नावांची. एका नोंदीत ‘साने गुरुजी’, दुसरीत ‘साने पां. स.’ असे असेल, तर एकाच लेखकाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. नाव लिहिण्याची एकच पद्धत ठरवली, तर निम्मा शोध तिथेच सोपा होतो.

त्यानंतर स्वामित्वहक्क. भारतात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ची मूळ संहिता आज मुक्त आहे. मात्र हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, म्हणून ग्रंथालयाने ती वाटणे बेकायदा ठरते.

वाचकाच्या गोपनीयतेचे काय?

ग्रंथालयाच्या संगणकावर अर्ज भरला की आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँक खाते अशी माहिती त्यावर येते. म्हणून चार सवयी अंगवळणी पडायला हव्यात : ओटीपी वाचकानेच टाकायचा; काम संपताच खात्यातून बाहेर पडायचे; उतरवलेली कागदपत्रे पुसायची; पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवायचा नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार करता येते, हेही वाचकाला सांगता आले पाहिजे.

शिकायला वेळ आणि पैसा कुठून येणार?

खरी गाठ इथे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालये आहेत आणि त्यांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळते. २०२२ च्या अखेरीस सरकारने त्यात ६० टक्के वाढ केली. त्या दराने सर्वांत लहान ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल. एवढ्यात काम करणाऱ्याकडून स्वखर्चाने प्रशिक्षण घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मग तोडगा काय?

अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. ‘२३ गोष्टी’ या नावाने कर्मचाऱ्यांना छोटे ऑनलाइन सराव दिले. ज्याने त्याने आपल्या वेगाने, कामाच्या जागीच ते करायचे आणि हाताला आलेले लिहून ठेवायचे. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी ही पद्धत उचलली. महागडे वर्ग आणि प्रवासखर्च यांची गरज त्यात फारशी नव्हती.

सुरगाण्यासाठी २३ नव्हे, दहा गोष्टीही पुरेत : आठवड्याला एक. पहिल्या आठवड्यात युनिकोड, दुसऱ्यात विश्वकोशातला शोध, तिसऱ्यात राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची नोंदणी, चौथ्यात भरतीची जाहिरात खरी की खोटी हे मूळ सरकारी संकेतस्थळावर तपासणे. पद्धतशीर शिक्षण हवे असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे आणि नोकरी सांभाळून तिथे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. शिकण्याचा तास मात्र कामाच्या वेळेत धरला पाहिजे. तो संस्थाचालकांनी द्यायचा आहे, कर्मचाऱ्याने घरून आणायचा नाही.

वाचकांनी काय करावे?

मागणी करावी. ग्रंथालयात जाऊन ‘हे पुस्तक ऑनलाइन कुठे मिळेल?’, ‘ही जाहिरात खरी आहे का?’ असे विचारावे. असे प्रश्न एका वहीत नोंदवले गेले, तर कर्मचाऱ्याला पुढे काय शिकायचे हे कळते आणि प्रशिक्षणाचा तास मागताना संचालक मंडळापुढे ठेवायला ती वही पुरावा म्हणून कामी येते.