धरणी हलली तर गोठ्यात, खळ्यावर, गुऱ्हाळात काय कराल?



भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे झोपलेले घर येते. ते साहजिकच आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा धक्का बसला तो पहाटे सव्वाचारनंतर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली तेव्हा चारला चार मिनिटे कमी होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे नुकती कुठे पाठ टेकून पडली होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली. पण भूकंपाला घड्याळ नसते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची जमीन हलली ती सकाळी पावणेनऊला. अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळेची मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. आणि २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली, नांदेड, परभणीकडे धक्के जाणवले ते सकाळी सहानंतर, म्हणजे ऐन धारा काढण्याच्या वेळेला!

तेव्हा घराइतकाच कामाच्या जागेचा विचार करायला हवा. कारखान्यात त्यासाठी एखादा साहेब तरी नेमलेला असतो. आपल्या गोठ्याचे साहेब आपणच.

आधी भिंत पाहा. किल्लारीला माणसे मेली ती मुख्यतः भिंतीखाली आणि माळवदाखाली. दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट रुंद असते म्हणून आपल्याला भक्कम वाटते. पण ती एक भिंत नसतेच. आतले एक तोंड, बाहेरचे एक तोंड आणि मध्ये चिपा-मातीचा भराव. हादरा बसला की दोन्ही तोंडे फाकतात, एक घरात कोसळते, दुसरे अंगणात. वर माळवदाची माती. गळती थांबावी म्हणून दर वर्षी थोडी थोडी वाढवलेली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती असेल तर सहा-सात टन ओझे झाले. सहा-सात बैलगाड्या आपल्या डोक्यावर उभ्या केल्यासारखेच! किल्लारीच्या भागात कित्येक घरांचा लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती मात्र गेल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गोठा किंवा जुने घर असे असेल तर माळवदाची माती वीतभरावर आणा आणि खाली जाड प्लास्टिकचा कागद घाला, म्हणजे गळायचे नाही. भिंत नव्याने रचताना दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार लांब दगड दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर बसवा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरका लाकडी आधार ठोका. जाणत्या गवंड्याला सोबत घ्या. भिंत पोकळ करून ठेवाल तर उलटेच व्हायचे.

आता सामान. धान्याच्या पोत्यांची थप्पी माणसाच्या छातीपेक्षा उंच नको, आणि दाराशी तर नकोच. प्रत्येक थर आडवा-उभा असा फिरवून लावा. फवारणीचे औषध वरच्या फळीवर ठेवण्याची खोड अनेक घरांत आहे. ते खाली, झाकणाच्या पेटीत राहू द्या. दावे एका हिसक्यात सुटेल अशा गाठीने बांधा. मात्र जमीन हलत असताना दावे सोडायला आत शिरू नका. जनावराचा जीव आपल्याला प्यारा खरा, पण बिथरलेला बैल आणि हलती भिंत यांच्यामध्ये माणूस टिकत नाही.

जमीन हलू लागली आणि तुम्ही कच्च्या भिंतीच्या खोलीत दाराजवळ असाल, तर सरळ बाहेर मोकळ्यावर पळा. दार लांब असेल तर भक्कम खाटेखाली किंवा टेबलाखाली शिरा, डोके-मान हातांनी झाका. पक्क्या इमारतीत, बाजार समितीत वा सोसायटीच्या कचेरीत असाल तर जिन्याकडे धावू नका. गुऱ्हाळावर गुळव्याने आणि जाळ घालणाऱ्याने काहिलीपासून दूर व्हावे. उकळता रस उसळून काठाबाहेर येतो. पिठाच्या गिरणीत पट्ट्यापासून लांब राहा. शेतात असाल तर बसून घ्या. विहिरीचा काठ, विजेचा खांब आणि तारा यांपासून दूर.

हादरा बहुधा मिनिटभरात थांबतो, पण मागून आणखी धक्के येतात. म्हणून लगेच आत जाऊ नका. चूल विझवा, गॅसचा रेग्युलेटर आणि मोटारीचा मेन स्विच बंद करा, वास येत असेल तर काडी ओढू नका. तडा गेलेल्या गोठ्यात त्या रात्री जनावरे बांधू नका, झाडाखाली बांधा. मदतीसाठी ११२ क्रमांक फिरवा. आणि घरात कोण कुठे कामाला गेले आहे हे सकाळीच एकमेकांना सांगून ठेवलेले असेल, तर ढिगारा कुठला उपसायचा हे शोधत बसावे लागत नाही.