सीमारेषेच्या अलीकडे

आदिलाबादला गेले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सीमा नकाशात जितकी ठळक दिसते तितकी ती माणसांच्या बोलण्यात नसते. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरे बदलतात, पण ओसरीवरची भाषा बदलत नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आदिलाबाद अलीकडे राहिले. पुढे २०१६ साली या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. तरी कापसाच्या बाजारात एकाच सौद्यात मराठी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू सुखाने नांदताना ऐकू येतात, आणि एखादा गोंडी शब्दही मधून डोकावून जातो.

या गावात आमच्या आजोळचे एक जुने घर आहे. चार पिढ्या तेथेच नांदल्या. परवा एका लग्नाच्या निमित्ताने तेथे दोन दिवस राहण्याचा योग आला. लग्नघरातील पुरुषमंडळी काय करतात, हे वाचकांस सांगावयास नको. पंगती उठल्या, पानाचे तबक फिरले आणि ओसरीवर क्रिकेटचा विषय निघाला. राजकारणावर दोन तट पडतात आणि व्याह्यांची मने दुखावतात, म्हणून शहाणी माणसे क्रिकेट काढतात. पण क्रिकेटही तितकेसे निरुपद्रवी नाही, याचा प्रत्यय आम्हांस त्या रात्री आला.

सुरुवात झाली ती मोहम्मद सिराजवरून. सिराज हैदराबादचा, रिक्षाचालकाचा मुलगा. तेव्हा तो आदिलाबादकरांच्या घरचाच. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ओव्हलवर भारताने अवघ्या सहा धावांनी कसोटी जिंकली तेव्हा दुसऱ्या डावात पाच बळी घेणारा हाच गडी. कोणीतरी ती आठवण काढली आणि बोलणे त्याच्या पहिल्या कसोटी मालिकेच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेले.

तो दौरा विसरण्याजोगा नाहीच. २०२० च्या नोव्हेंबरात सिराज ऑस्ट्रेलियात असताना इकडे त्याचे वडील वारले. तो परतला नाही, संघाबरोबर राहिला. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कर्णधार कोहली बाळंतपणासाठी मायदेशी आला आणि नेतृत्व अजिंक्य रहाणेकडे गेले. मेलबर्नला रहाणेने शतक ठोकून सामना जिंकून दिला, आणि त्याच सामन्यात सिराजने कसोटीत पदार्पण केले. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये सिडनी. सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या सिराजला प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या आल्या. तिसऱ्या दिवसाअखेर भारतीय संघाने तक्रार नोंदविली. चौथ्या दिवशी तोच प्रकार पुन्हा घडला तेव्हा सिराज सीमारेषा सोडून चालत आपल्या कर्णधाराकडे आला. रहाणे पंचांकडे गेला. खेळ सुमारे दहा मिनिटे थांबला आणि पोलिसांनी सहा प्रेक्षकांना बाहेर नेले. ते सहाजण त्या शिव्यांचे धनी नव्हते असे पुढे चौकशीत ठरले. पण शिव्या दिल्या गेल्या, हेही त्याच चौकशीने मान्य केले. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने माफी मागितली.

घरचे थोरले मामा झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, "पंचांनी त्यांना सामना सोडून जाण्याची मुभा दिली होती म्हणतात. रहाणे म्हणाला, आम्ही खेळायला आलो आहोत, खेळूनच जाऊ. याला म्हणतात कर्णधार! मुंबईच्या मराठी मुलाने हैदराबादच्या मुसलमान मुलाची पाठ राखली. आणखी काय पाहिजे?"

सर्वांनी माना डोलावल्या. पुढे ब्रिस्बेनला सिराजने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले, भारताने मालिका जिंकली आणि तो विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीवर गेला, हे सांगताना मामांचा आवाज किंचित जड झाला. गोऱ्यांचा उद्दामपणा, आपल्या पोरांचे धैर्य आणि शेवटी विजय! कथा अशी गोळीबंद होती की तेथेच बैठक उठावयास हरकत नव्हती.

आपल्या मैदानावर

पण मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी कोपऱ्यात बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "मामा, सिडनीचे लोक वाईट वागले खरे. पण बडोद्याचे आणि मुंबईचे काय?"

गुरुजींचा रोख २००७ सालाकडे होता. त्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ आपल्याकडे आला होता. त्यांच्यात अँड्र्यू सायमंड्स हा एकटाच सावळ्या वर्णाचा. ११ ऑक्टोबरला बडोद्याच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याला उद्देशून माकडाचे चित्कार केले. प्रथम कोणी ते मनावर घेतले नाही. पुढे १७ ऑक्टोबरला वानखेडे मैदानावर तोच प्रकार झाला आणि या वेळी माकडचेष्टा करणाऱ्या प्रेक्षकांचे छायाचित्रच निघाले. काही जणांना पोलिसांनी बाहेर काढले. बडोदे म्हणजे सयाजीराव महाराजांचे, विजय हजाऱ्यांचे. मुंबई तर क्रिकेटची पंढरी. ही दोन्ही गावे आपल्याला परकी नाहीत.

लग्नाला आलेले एक वकीलसाहेब लगेच उभे राहिले. म्हणजे ते बसूनच होते, पण आवाज कोर्टात उभा राहिल्यासारखा लागला. "गुरुजी, माकड ही आपल्याकडे शिवी आहे काय? आपण मारुतीची पूजा करतो. गोऱ्यांच्या देशातला अर्थ आपल्या लोकांवर कशाला लादता?"

"मग वकीलसाहेब," गुरुजी म्हणाले, "त्याच संघातल्या गोऱ्या गड्यांना मारुतीचा प्रसाद का नाही मिळाला? भक्ती फक्त सायमंड्सचीच का केली?"

ओसरीवर हशा पिकला. वकीलसाहेबही हसले. चांगला वकील हरलेला मुद्दा ओळखतो.

यानंतर साहजिकच जानेवारी २००८ ची सिडनी निघाली. हरभजनने सायमंड्सला माकड म्हटले असा आरोप, तीन कसोटींची बंदी, तेंडुलकरची साक्ष, आणि शेवटी अपिलात वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध न होता केवळ अपशब्दांबद्दल झालेला दंड. या प्रकरणावर आपल्याकडे इतकी शाई खर्च झाली, की तीन महिन्यांपूर्वीची आपली मैदाने त्या शाईखाली झाकली गेली. निकाल आपल्या बाजूने लागला, आणि आपण असे समजलो की वानखेड्याचाही निकाल लागला.

याच सायमंड्सने पुढे हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून खेळून २००९ चा चषक आपल्या शहरास मिळवून दिला, त्या संघाचा तो एक आधार होता. २०११ साली तो आणि हरभजन मुंबईच्या एकाच संघात खेळले. १४ मे २०२२ रोजी मोटार अपघातात तो गेला, तेव्हा आपल्याकडेही हळहळ झाली. हळहळ खरी होती. पण जिवंतपणी त्याची क्षमा मागणारे प्रेक्षक कोणी पाहिले नाहीत.

हुर्यो आणि शिवी

तेवढ्यात तरुण मंडळींतून एक प्रश्न आला. "प्रेक्षक ओरडणारच. २०२४ च्या हंगामासाठी मुंबईच्या संघाने रोहितला काढून हार्दिकला कर्णधार केले, तेव्हा वानखेड्यावरच हार्दिकची किती हुर्यो उडविली! २००६ मध्ये तर खुद्द सचिनला त्याच्या घरच्या मैदानावर हुर्यो ऐकावी लागली. मग तोही द्वेषच का?"

प्रश्न चांगला होता. संघातील रुसवेफुगवे प्रेक्षकांच्या जिवाला लागतात. कर्णधार कोण, कोणाला डावलले, कोणाचे कोणाशी बोलणे नाही, यावर गावोगावच्या ओसऱ्या जागतात. नाराजीची हुर्यो असभ्य असेल, कित्येकदा क्रूरही असेल. पण ती माणसाच्या खेळावर किंवा वागण्यावर असते. हार्दिकने धावा केल्या की ती थांबते. सायमंड्सने शतक ठोकले तरी त्याची कातडी तीच राहणार. जन्माने जे मिळाले ते कोणी बदलू शकत नाही, म्हणून त्यावर मारलेल्या दगडाला उत्तर नसते. २०२१ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानविरुद्ध दुबईत सारा संघ हरला, पण मुसलमान म्हणून शिव्या खाल्ल्या त्या एकट्या शमीने. त्या वेळी कोहली कर्णधार म्हणून उघडपणे त्याच्या बाजूने बोलला, याची नोंद केली पाहिजे.

आणि संघातील तेढ व जन्माचा शिक्का या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. पळवणकर बाळू हा आपल्या क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस प्रथम हरविले, तेही त्याच्या बळावर. पण पुण्यात चेंडू टाकून दमलेल्या या चर्मकार गड्याला चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांना चाले, कपबशी चालत नसे! हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. १९२० साली त्याला डावलल्याच्या निषेधार्थ त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. १९२३ साली अखेर विठ्ठल कर्णधार झाला, हिंदूंनी स्पर्धा जिंकली, आणि ज्यांनी आदल्या पिढीत सावली टाळली त्यांनीच त्याला खांद्यावर घेतले. या कथेत गोरा कोणी दोषी नाही. सीमारेषेच्या आतबाहेर सगळे आपणच आहोत.

'काळ्या' म्हणजे लाडाने?

आता रात्र बरीच झाली होती. आतून चहा आला आणि चहाबरोबर घरातल्या आजीही येऊन दाराशी बसल्या. कोणीतरी डॅरेन सॅमीची हकीकत काढली. वेस्ट इंडिजचा हा माजी कर्णधार २०१३ आणि २०१४ साली हैदराबादच्या सनरायझर्स संघात होता. सोबती त्याला 'काळू' म्हणत. या शब्दाचा अर्थ बलवान असा काही असेल, असे समजून तोही हसे. २०२० च्या जूनमध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि त्याने जाहीरपणे विचारले, तुम्ही मला असे का म्हणत होता? पुढे एका सोबत्याशी त्याचे बोलणे झाले, ते प्रेमाने होते असे त्याला सांगण्यात आले, आणि त्याने ते मानले. हा त्याचा मोठेपणा.

"आता यात काय वाईट?" आजी म्हणाल्या. "आमच्या धाकट्याला मी जन्मभर काळ्याच म्हटले. विठोबा काळा, कृष्ण काळा. लाडाचा शब्द आहे तो."

झोपाळ्यावरचे मामा, म्हणजे आजींचे थोरले चिरंजीव, हसले. पण आजींचा धाकटा, जो आता साठीचा आहे, हसला नाही. तो म्हणाला, "आई, तू लाडाने म्हणायचीस. पण मुलगी बघायला गेलो तेव्हा तूच म्हणालीस ना, की हा काळा आहे, निदान सून तरी गोरी पाहा."

आजी गप्प झाल्या. भारताचा सलामीचा फलंदाज अभिनव मुकुंद याने २०१७ साली आपल्या वर्णावरून होणाऱ्या कुचेष्टेबद्दल जाहीरपणे लिहिले होते, त्याची आम्हांस आठवण झाली. ती कुचेष्टा करणारे कोणी सिडनीचे नव्हते.

आणि मग त्या रात्रीचे सर्वांत अवघड वाक्य आले ते दहावीतल्या नातवाकडून. तो इतका वेळ चेंडूशी चाळा करीत ऐकत होता.

"आजोबा," तो मामांना म्हणाला, "आपल्या ग्राउंडवर एक गोंडांचा मुलगा यायचा. आमच्यापेक्षा कितीतरी जोरात टाकायचा. सगळे त्याला रंगावरून आणि जंगलावरून चिडवायचे. मीपण. पहिल्यांदा तो हसायचा. आता येतच नाही."

ओसरीवर कोणी बोलले नाही. ज्या भूमीत आपण चार पिढ्यांपूर्वी येऊन जमिनी घेतल्या, दुकाने थाटली, शाळा काढल्या, ती भूमी त्या मुलाच्या पूर्वजांची. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला आपण हौसेने जातो, कोमरम भीमच्या पुतळ्याजवळून रोज जातो. पण बाजारात एखाद्याला 'अगदी गोंड आहेस' असे म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. सिराजला कर्णधाराकडे चालत जाता आले. हा मुलगा कोणाकडे चालत जाणार होता?

मामांनी झोपाळा पायाने थांबविला. "त्याचे नाव काय रे?"

नातू खाली पाहू लागला. दोन उन्हाळे तो मुलगा त्यांच्यात खेळला होता. नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघण्याच्या गडबडीत होतो. मामा धोतर नेसून, टोपी घालून बाहेर पडत होते. नातू मागे होता. लग्नघर सोडून कुठे निघालात, असे आतून कोणी विचारले. मामा एवढेच म्हणाले, "याच्या शाळेत जाऊन येतो. त्या पोराचे नाव तरी विचारले पाहिजे."

पुढे काय झाले ते आम्हांस पाहता आले नाही. आमची गाडी दहाची होती. तो मुलगा पुन्हा खेळायला येईल, न येईल. न येण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण सिडनीच्या प्रेक्षकांचा हिशेब मागणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी आपल्या ग्राउंडवर जाऊन एका पोराचे नाव विचारावे, इतपत न्याय त्या ओसरीवर झाला. लग्नात आम्ही पुष्कळ आहेर पाहिले; आमच्या मनात राहिला तो मात्र टोपी घालून सकाळी बाहेर पडलेला एक म्हातारा.