खिशातील चाकूसाठी पात्याच्या पोलादाची निवड : कामण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कामणदुर्गाच्या पायथ्याशी असलेले कामण हे गाव वसई तालुक्याच्या पूर्व भागात येते. दक्षिणेस वसईची खाडी, मागे तुंगारेश्वराचे डोंगर आणि मधून चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा अवजड वाहतुकीचा रस्ता, अशी येथील भूरचना आहे. त्यामुळे भातशेती करणारा शेतकरी आणि औद्योगिक गाळ्यांत दिवसभर खोकी फोडणारा कामगार असे चाकूचे दोन भिन्न वापरकर्ते येथे शेजारीच आढळतात. घडीचा चाकू घेताना सामान्यतः मूठ, चकाकी आणि किंमत पाहिली जाते. पाते कोणत्या पोलादाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक बोथट पात्यावर अधिक जोर द्यावा लागतो, ते घसरते आणि हातच कापतो. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. रोजच्या वापराला पुरेसे ठरेल असे पोलाद कोणत्या निकषांवर निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोलादाचे परस्परविरोधी गुण

लोखंडात कार्बन मिसळला की पोलाद होते आणि त्यामुळेच ते कठीण करता येते. टिकाऊ धारेसाठी साधारणतः ०.५ ते १ टक्का कार्बन पुरेसा असतो. मात्र काठिण्य वाढले की चिवटपणा घटतो. अतिकठीण पात्याची धार हाडावर वा तारेवर पडताच तिचे टवके उडतात. लोहार तापवलेल्या पात्याला पाणी देतो आणि नंतर ते पुन्हा मंद आचेवर तापवतो, ते या दोन गुणांचा मेळ घालण्यासाठीच. ही प्रक्रिया बिघडली तर उत्तम पोलादही वाया जाते. पात्यावर कोरलेल्या नावापेक्षा त्याला दिलेले पाणी महत्त्वाचे, हे गावच्या लोहाराला पुस्तकाविना ठाऊक असते. ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून कोयता घडवण्याची रीत याच जाणिवेतून रूढ झाली. पाट्याच्या सिलिकॉन-मँगेनीज पोलादात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. ते चिवट असते आणि धारही चांगली घेते. उणीव एकच, ते गंजते.

गंजरोधासाठी किमान १०.५ टक्के क्रोमियम आवश्यक असते. शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले आणि पुढे त्याचा उपयोग सुऱ्यांसाठी होऊ लागला. परंतु येथे एक पेच आहे. कार्बन वाढवला तर तो क्रोमियमचा काही अंश कार्बाइडच्या रूपात बांधून टाकतो आणि गंज अडवण्यासाठी मोकळे क्रोमियम कमी उरते. डी २ या पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते पूर्णतः गंजरोधक ठरत नाही, कारण त्यात कार्बन सुमारे १.५ टक्के असतो.

या ठिकाणी एक रूढ गैरसमज दूर करणे योग्य ठरेल. 'चुंबक चिकटले म्हणजे स्टील खोटे' असे अनेक सुशिक्षित व्यक्तीही मानतात. भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ प्रतीचे क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद चुंबकाला चिकटत नाही, हे खरे. पण ते पाणी देऊन कठीण करता येत नाही. चाकूचे गंजरोधक पोलाद चुंबकाला चिकटलेच पाहिजे. चुंबक न चिकटणारे पाते धार टिकवणार नाही, अशीच शंका घ्यावी.

स्थानिक निवड

बाजारातील स्वस्त चाकूंत पुष्कळदा ४२० जातीचे पोलाद असते. त्यात कार्बन साधारणतः ०.१५ ते ०.४ टक्के एवढाच असल्याने ते सहसा गंजत नाही, परंतु लवकर बोथट होते. ४४० सी मध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असते. धार दीर्घकाळ टिकते, मात्र साध्या दगडावर ती पुन्हा लावताना दमछाक होते. या दोहोंच्या मध्ये सुमारे ०.६ टक्के कार्बन व १३.५ टक्के क्रोमियम असलेले स्वीडिश १२ सी २७ हे पोलाद येते. फ्रान्समधील ओपिनेल हा सुप्रसिद्ध घडीचा चाकू कार्बन पोलाद आणि गंजरोधक पोलाद अशा दोन्ही प्रकारांत मिळतो, यावरून या प्रश्नाला एकच उत्तर नाही हे स्पष्ट व्हावे.

कामणच्या शेतकऱ्याचा चाकू पावसाळ्याचे चार महिने ओलाच राहतो. त्याने कैरी चिरली तर कार्बन पोलाद काळे पडते, आणि घडीच्या खाचेत साचलेला ओलावा सहज पुसताही येत नाही. त्याच्यासाठी १२ सी २७ च्या तोडीचे मध्यम गंजरोधक पोलाद इष्ट होय. घरच्या दगडावर त्याला धारही लावता येते. गाळ्यातील कामगाराची अडचण निराळी आहे. पुठ्ठ्यातील खनिज कण धार झपाट्याने झिजवतात, म्हणून त्याला ४४० सी किंवा डी २ अधिक उपयोगी पडेल, अर्थात धार लावण्याचे कष्ट स्वीकारून. महागडे पोलाद घेऊन ते वर्षभर बोथट बाळगण्यात मात्र काहीच अर्थ नाही.

पोलादाचे नाव कोरलेले नसेल तर खरेदीनंतर कानशीची परीक्षा करता येते. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, चांगली कानस हलकेच फिरवावी. ती घसरून गेली तर पाणी नीट दिले आहे. सहज रुतली तर पाते मऊ आहे. काही पात्यांची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, हे ध्यानात घेऊन शंका असल्यास धारेच्या मागील टोकाशी ही परीक्षा पुन्हा करावी.