मन आणि शिक्षण : लेखांक सहावा – प्रयोगवहीची प्रतिष्ठा

मागील लेखांकात हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक प्रयोगांचा परामर्श आपण घेतला, आणि निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, त्या विसरण्याचे मोजमाप त्याने किती चिकाटीने केले हे पाहिले. ज्या मानसशास्त्राची उभारणी अशा मोजणीवर आणि नोंदीवर झाली, ते शास्त्र आपल्याकडे अकरावी-बारावीच्या वर्गांत व पुढे पदवीच्या वर्गांतही बव्हंशी व्याख्या, प्रकार, गुणदोष आणि टिपा यांच्या चाकोरीतूनच शिकविले जावे, ही मला आपल्या शिक्षणव्यवहारातील मोठी विसंगती वाटते. तिचाच विचार कोल्हापूरच्या संदर्भात आज करावयाचा आहे.

कोल्हापुरात या विषयाची परंपरा जुनी आहे. १८८० साली स्थापन झालेल्या राजाराम महाविद्यालयात ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत, त्या काळी आपल्याकडील महाविद्यालयांत मानसशास्त्राला तत्त्वज्ञानाच्याच आश्रयाने राहावे लागे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला खरा, तथापि अन्यत्र तो दर्जा मिळण्यास बराच काळ जावा लागला. पुढे १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना होऊन कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली आणि मानसशास्त्र घेऊन पदवीधर होण्याची वाट खेड्यापाड्यांतील मुलामुलींनाही खुली झाली. विषय असा स्वतंत्र झाला. परंतु ग्रंथ वाचावा, मते मांडावीत आणि खंडनमंडन करावे ही जी अध्यापनाची रीत आश्रयाच्या काळात स्वाभाविक होती, ती मात्र तशीच चालू राहिली.

प्रात्यक्षिके अभ्यासक्रमात नाहीत असे नाही. प्रयोगकर्ता, प्रयुक्त (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा ती व्यक्ती), सूचना, तक्ता, अंतर्निरीक्षण-अहवाल आणि निष्कर्ष अशा ठरावीक मथळ्यांखाली भरलेली जर्नले वर्षअखेर बाह्य परीक्षकांपुढे ठेवली जातात व त्यांवर सही-शिक्का होतो. परंतु अशी जर्नले शेजारी शेजारी उघडून वाचणाऱ्यास पुष्कळदा असे आढळते, की सर्वांचे प्रयुक्त सारखेच वागले आहेत, सर्वांचे आकडे पुस्तकाने सांगितलेल्या दिशेनेच गेले आहेत आणि प्रयुक्ताचे मनोगतसुद्धा त्याच दोन वाक्यांत उरकले आहे. ज्या विषयाचा पहिला सिद्धांत व्यक्तिभिन्नतेचा, त्याच्याच दप्तरी व्यक्तिभिन्नता औषधालाही सापडू नये! याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून चालणार नाही; अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा लिहिला तर गुण कापले जातील, ही भीती आपणच त्याच्या मनात घातली आहे.

साहित्य महाग आहे, मंजुरी मिळत नाही, ही तक्रार खरी असली तरी पुरेशी नाही. तीस सेंटिमीटरची एक लाकडी पट्टी घ्यावी. एका विद्यार्थ्याने तिचे वरचे टोक धरून ती उभी ठेवावी, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवून, ती अवचित सुटताच चिमटीत पकडावी, आणि ती किती खाली आली हे वाचावे. पाच सेंटिमीटरला सुमारे एक दशांश सेकंद, वीस सेंटिमीटरला सुमारे दोन दशांश. म्हणजे अंतर चौपट झाले की वेळ दुप्पट होतो, आणि कला शाखेतील ज्या मुलीने गणिताला कायमचा रामराम ठोकला होता ती प्रतिक्रियाकाल काढण्यासाठी आपणहून वर्गमुळाकडे वळते. आता हाच प्रयोग प्रयुक्ताला शंभरातून सात-सात वजा करीत उलट मोजावयास लावून पुन्हा करावा. पट्टी बहुधा अधिक खाली घसरते. एखाद्याच्या बाबतीत घसरत नाही. असे का, यावर वर्गात जो वाद माजतो, तो अवधानाच्या व्याख्या घोकून कधीही माजणार नाही.

मोजपट्टी कोणाच्या मापाने आखली, हा प्रश्नही विद्यार्थ्याला पडला पाहिजे. बिने यांनी १९०५ साली सिमाँ यांच्यासह पॅरिसमध्ये सिद्ध केलेल्या बुद्धिमापनाच्या कसोट्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडील कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बेतल्या आणि त्याविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परक्या मुलांसाठी केलेला प्रश्न आपल्या मुलाला जसाच्या तसा विचारता येत नाही, तो आपल्या भाषेत आणि आपल्या मुलांवर पारखून घ्यावा लागतो, हा धडा आपल्या शेजारच्या मुलखातच इतक्या पूर्वी गिरविला गेला. तरीही बिने-कामत कसोटीचे नाव पाठ असलेल्या विद्यार्थ्याला तिच्यामागील हा खटाटोप क्वचितच सांगितला जातो.

शिवाय कोल्हापूरकरांना प्रयोगशाळा शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत वस्तादांच्या परवानगीने चार सकाळी बसून, एखादा डाव नव्या पोराला ते किती तुकड्यांत शिकवितात, किती वेळा करवून घेतात, मध्ये विसावा केव्हा देतात आणि चूक झाली असता तोंडाने सांगतात की हाताने अंग वळवून दाखवितात, याची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला कारक अध्ययन, सलग व खंडित सराव आणि प्रत्याभरण ही प्रकरणे लाल मातीत प्रत्यक्ष भेटतील. मात्र ज्याचे निरीक्षण करावयाचे त्याची संमती घेणे, त्याचे नाव गुप्त राखणे आणि चार पुस्तके वाचून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनोविकारांचे निदान करू न लागणे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी बाणविली पाहिजे.

हीच गोष्ट अध्यापक-विद्यालयांतील शैक्षणिक मानसशास्त्राची. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हुकमाने मूल शाळेच्या दारात येऊ शकते, परंतु त्याचे मन धड्यात आले की नाही हे ओळखण्याचे काम शिक्षकाच्या नजरेवाचून होत नाही. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या ‘सृजन आनंद’ विद्यालयाने मुलांच्या अनुभवाला आणि प्रश्नांना अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. भावी शिक्षकांना पियाजेच्या अवस्था तोंडपाठ करावयास लावण्याआधी आपण त्यांच्याकडून एका मुलाचे सहा महिने निरीक्षण करवून घेतले, तर पुस्तकातील त्या अवस्थांना हाडामांसाचा अर्थ येईल.

म्हणून अभ्यासमंडळांकडे व प्राचार्यांकडे माझे मागणे एवढेच आहे की, प्रयोगांची संख्या निम्मी करावी, पण प्रत्येक प्रयोग खरोखर व्हावा. गुण निष्कर्षाला न देता मूळ नोंदीला आणि तिच्या चर्चेला द्यावेत. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा प्रामाणिकपणे मांडणाऱ्या विद्यार्थ्याचा वर्गासमक्ष गौरव व्हावा. आणि तोंडी परीक्षेत ‘व्याख्या सांगा’ याऐवजी ‘तुम्हाला काय आढळले?’ हा प्रश्न प्रथम विचारला जावा. यातील एकाही गोष्टीसाठी नव्या इमारतीची किंवा जादा तरतुदीची गरज नाही. जो विद्यार्थी आपल्याच नोंदीशी प्रामाणिक राहावयास शिकला, तो पुढे शिक्षक होवो, समुपदेशक होवो वा आईबाप होवो, समोरच्या माणसाविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहील. आणि मानसशास्त्राच्या अध्यापनाचे याहून मोठे प्रयोजन मला दिसत नाही.

पुढील लेखांकात परीक्षेच्या भीतीचा विचार करू.