सजीव की निर्जीव? जिवाणू-विषाणूंची भन्नाट परीक्षा

वाढ, हालचाल, पोषण, प्रतिसाद, प्रजनन... सजीवांची लक्षणे शाळेत सगळ्यांनीच घोकलेली असतात. या यादीचा खरा कस लागतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांपाशी. एकेक लक्षण घेऊन बघूया!

वाढ : भिंगाशिवाय दिसणारा जिवाणू
साधारण जिवाणूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. थायोमार्गारिटा मॅग्निफिका मात्र चक्क सेंटिमीटरभर वाढतो! कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूपमध्ये, खारफुटीच्या पाण्यात कुजणाऱ्या पानांवर त्याचे पांढरे धागे दिसतात. २०२२ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कळलं, की असा एक धागा म्हणजे एकच अख्खी पेशी.

हालचाल : गरगर फिरणारी मोटर
आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू शेपटीसारख्या कशाभिकांच्या जोरावर पोहतो. या कशाभिका वळवळत नाहीत, त्या मुळापासून गोल फिरतात. त्यांच्या बुडाशी प्रथिनांची मोटर असते. पेशीत शिरणाऱ्या हायड्रोजन आयनांवर ती चालते आणि सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेते.

पोषण : मुळांवरच्या गुलाबी गाठी
फुलोऱ्यावर आलेलं सोयाबीनचं किंवा भुईमुगाचं रोप अलगद उपटा. मुळांवरची एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली, तर समजा रायझोबियम जिवाणू जोमात आहेत. ते हवेतला नत्र पिकाला देतात, पीक त्यांना साखर पुरवतं. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. नत्र पकडणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, म्हणून हे प्रथिन प्राणवायूला आवर घालतं. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात ते याच भागीदारीसाठी.

प्रतिसाद : गर्दी झाली की उजेड
हवाईच्या किनाऱ्यावरच्या बॉबटेल माकुळाच्या अंगात व्हिब्रिओ फिशरी हे जिवाणू राहतात. प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो. गर्दी वाढली की रसायन दाट होतं आणि सगळे एकदम चमकू लागतात. एकटादुकटा जिवाणू उगाच ऊर्जा खर्च करत नाही! त्या उजेडामुळे चांदण्यात पोहणाऱ्या माकुळाची सावली खाली पडत नाही आणि शिकाऱ्याला त्याचा सुगावा लागत नाही.

प्रजनन : सात तासांत एकवीस लाख
ऊब आणि अन्न मनाजोगतं असेल, तर ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुभंगतो. एकाचे सात तासांत होतात २०,९७,१५२! अन्न संपेपर्यंत हा धडाका चालतो. म्हणून रात्रीची उरलेली आमटी ओट्यावर राहू देऊ नका, वेळेत फ्रीजमध्ये ठेवा. उलट खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, तरी त्याला निर्जीव कोण म्हणेल? एका लक्षणावरून निकाल लागत नाही, तो असा.

लोणारचे गुलाबी रहिवासी
डोळ्यांना न दिसणारे सगळेच जीव जिवाणू नसतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा ही करामत खारप्रेमी आर्कियांच्या रंगद्रव्याची निघाली. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांची वंशावळच निराळी. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये ती वेगळी मांडली.

विषाणू : बाटलीत स्फटिक, पानात रोग
१९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या रोगट पानांतल्या विषाणूचे स्फटिक मिळवले. ना वाढ, ना श्वसन, ना पोषण. तेच स्फटिक विरघळवून निरोगी पानावर चोळले, की रोग पुन्हा हजर! स्टॅन्ली यांना १९४६ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. विषाणूला स्वतःची पेशी नसते. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या प्रती काढून घेतो.

सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही?
पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. साधी सर्दी होते विषाणूमुळे आणि विषाणूला भित्तिकाच नाही, मग औषध मोडणार काय? म्हणून साध्या सर्दीत डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी औषधाला दाद न देणारे जिवाणूच फोफावतात.

आणि आपल्यातला विषाणू
आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग पूर्वजांच्या डीएनएत घुसून राहिलेल्या विषाणूंचा आहे. त्यातल्या एका जनुकापासून सिन्सिटिन हे प्रथिन बनतं. गरोदरपणी वारेतल्या पेशी ते एकमेकींत मिसळवतं आणि त्यातून जो थर तयार होतो, त्याच्यामार्फत आईकडून बाळाला अन्न नि प्राणवायू मिळतो. ज्याला सजीव म्हणावं की नाही यावर अजून वाद रंगतो, त्याचं हे देणं आपण प्रत्येक जण जन्माआधीच घेऊन बसलो आहोत!