थांबायचं कुठं?

श्रावण लागला की परळीत पाय ठेवायला जागा राहत नाही. सोमवारी वैद्यनाथाच्या पायऱ्यांवर बेल-फुलांच्या टोपल्या आणि ओल्या छत्र्यांची दाटी. ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घ्यायची इथली रीत, त्यामुळे रांग आपल्या चालीनं सरकते. नेमक्या याच महिन्यात गावातल्या हौशी कलावंताच्या डोक्यावर तीन ओझी येऊन पडतात. गणपतीची गाणी भाद्रपदाच्या आत लोकांच्या कानावर जायला हवीत, म्हणून रेकॉर्डिंग आत्ता. गणेश मंडळाचं प्रहसन उत्सवाच्या दहा दिवसांत कुठल्यातरी रात्री उभं राहायचं, म्हणून तालीम आत्ता. आणि विनोदी लेख? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची प्रथा रुळली, तशी मराठी लेखकाची दिवाळी श्रावणातच सुरू व्हायला लागली.

आमच्या मागच्या खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणतो. खिडकीवर दोन वाकळा, दाराला सतरंजी, पंखा बंद. वाकळेनं खोलीतला घुमारा मरतो. बाहेरचा आवाज मात्र अडत नाही, त्याला जाड भिंत लागते. म्हणून तंबोऱ्याच्या ॲपशेजारी रेल्वेचं वेळापत्रक चिकटवलंय. गाडीनं भोंगा दिला की अंतरा पुन्हा पहिल्यापासून.

एकदा गाण्याच्या मध्ये चार विनोदी वाक्यं बोलायची होती. मी ती एका दमात म्हणून टाकली. ढोलकीवरचे अण्णा हात बाजूला घेऊन म्हणाले, "हसू दे की जरा लोकायला. तू तर रेल्वेसारखा सुटलास."

"अण्णा, इथं लोकं कुठंयत?"

"म्हणूनच म्हणलं. नाहीत, तर धरून चाल."

तिन्ही कामांचं मर्म मला तिथं सापडलं. ढोलकीवाल्याला समेची जागा ठाऊक असते. समेच्या आधीचा रिकामा क्षण त्यानं भरून टाकला तर समेला दाद मिळत नाही. विनोदाचंही तेच. शेवटचा शब्द पडायच्या आधी श्वासभर थांबावं लागतं, आणि हशा उसळला की तो ओसरायला लागेपर्यंत गप्प बसावं लागतं. रंगमंचावर ही जागा प्रेक्षक दाखवतो. स्टुडिओत ती अंदाजानं सोडावी लागते. कागदावर ती पूर्णविरामानं आणि परिच्छेदानं तयार करावी लागते.

पेटी आणि लेखणी एकाच हातात असलेला माणूस म्हटलं की पु. ल. देशपांडेच आठवतात. १९५३च्या 'गुळाचा गणपती'त कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळं त्यांचं. 'सबकुछ पु. ल.' हे बिरुद या चित्रपटाला कायमचं चिकटलं. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' याच चित्रपटातलं. त्याच वर्षीच्या 'देवबाप्पा'तलं आशा भोसलेंचं 'नाच रे मोरा'ही पुलंच्याच चालीचं. दोन्ही गाणी लिहिली गदिमांनी. एकीकडे अभंगाच्या वळणाची संथ चाल, दुसरीकडे पोरांच्या पायांत नाचणारी. ज्याला लय कळते त्याला वाक्य कुठं तोडायचं हेही कळतं. पुलंचा विनोद मोठ्यानं वाचून पाहा, पेटीवाल्याचा हात लागतो.

पण 'सबकुछ' म्हणजे 'सगळं एकदम' नव्हे. 'गुळाचा गणपती'नंतर त्यांनी चित्रपटाला जवळजवळ रामरामच ठोकला. १९५५ला आकाशवाणी, १९५७ला 'तुझे आहे तुजपाशी', १९५८ला 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपानं आणि १९६१ला तीच चाळ एकपात्री होऊन रंगमंचावर. लिहिलेला विनोद बोलायचा झाला, तेव्हा त्याला मध्ये तीन वर्षं मिळाली होती.

आपल्या मराठवाड्यात प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी असाच एकपात्री प्रयोग वेगळ्या तऱ्हेनं केला. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं १९७९ साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगमंचावर आणलं. लेखक तेच, नटही तेच, आणि पात्रं ५२. नेपथ्य-वेशभूषेचा बडेजाव नाही. आवाज बदलला की माणूस बदलला. पुढं त्याच्या कॅसेट निघाल्या आणि मराठवाडी बोली टेपरेकॉर्डरवरून घरोघर गेली. या कॅसेट नीट ऐका: हशा तसाच ठेवलाय. तो कापला असता तर वाक्यांमधली जागा नुसतीच शांतता वाटली असती. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये खोकलासुद्धा चालत नाही. विनोदाच्या रेकॉर्डिंगमध्ये हॉलभर माणसांचा आवाज हे निम्मं वाद्य असतं.

मांडवाचं गणित आणखी निराळं. समोर लेकरं, मागं प्रसादाची गडबड, बाजूला जनरेटर. बारीक कोटी तिथं पहिल्या तीन रांगांपुढं जात नाही. लेखात खपून जाणारं वाक्य मांडवात तीन तुकड्यांत बोलावं लागतं आणि त्याला हावभाव जोडावा लागतो. शिवाय घड्याळ आहेच: ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १०ला ध्वनिक्षेपक बंद, आणि सणांसाठी १२पर्यंतची सवलत सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच देता येते. आरती लांबली, सत्कार लांबले, की कात्री प्रहसनालाच लागते. म्हणून आम्ही आता प्रहसन २० मिनिटांचं लिहितो, आणि हवं तेव्हा संपवता येईल असे दोन शेवट आधीच बसवून ठेवतो.

एकच मजकूर तिन्हीकडं वापरून श्रम वाचवायचा मोह मलाही झाला होता. छापील लेख मांडवात वाचला, लोक चुळबुळले. मांडवातलं प्रहसन ध्वनिमुद्रित केलं, ते निव्वळ आरडाओरडा वाटलं. तेव्हापासून नियम केला: कल्पना एक असू दे, जागा मात्र प्रत्येक ठिकाणी नव्यानं सोडायच्या. आणि सगळं एकाच श्रावणात करायचं नाही.

त्या नियमाला जागून यंदा गाणं एकच केलं, प्रहसन बसवलं आणि अंकाच्या संपादकांना फोन लावला. "साहेब, विनोदी लेख यंदा जमायचा नाही."

पलीकडं थोडी शांतता. जागा अचूक सोडली होती त्यांनी.

"बरं, विनोदी राहू द्या," ते म्हणाले, "माहितीपर पाठवा."

तोच हा.